स्पायडरमॅनचा सातबारा

स्पायडरमॅन कुणाचा, याचे उत्तर कशाबद्दल विचारले आहे त्यावर ठरते. कॉमिकच्या पानावरचा स्पायडरमॅन मार्व्हलचा, म्हणजे २००९पासून डिस्नेचा. चित्रपटगृहातला सोनीचा. त्याचे चित्र असलेले दप्तर, वॉटरबॅग किंवा पायजमा विकला गेला की परवान्याचे पैसे डिस्नेकडे जातात, मग सोनीचा चित्रपट पाहून आलेल्या मुलाच्या हट्टापायी तो पायजमा घेतलेला का असेना. कार्टून मालिकांच्या बाबतीत तर मिनिटे मोजावी लागतात. ४४ मिनिटांहून लांब भागांची मालिका काढायचा हक्क सोनीचा, त्याहून आखूड भागांची डिस्नेची. २०२५मध्ये डिस्नेच्या ओटीटीवर आलेल्या स्पायडरमॅनच्या कार्टून मालिकेचे भाग अर्ध्या तासाच्या आसपास आहेत, हे ओघाने आलेच. आणि फ्लोरिडात स्पायडरमॅनच्या राइडमध्ये बसायचे असेल तर डिस्नेच्या थीम पार्कात जाऊन उपयोग नाही. युनिव्हर्सलच्या पार्कात जावे लागते.

सातबारा वाचायची सवय असलेल्या माणसाला यात फारसे नवल वाटणार नाही. जमीन एकाच्या नावावर, कसतो दुसरा, बांधावरच्या आंब्यात तिसऱ्याचा वाटा, विहिरीच्या पाण्यावर चौथ्याची पाळी, आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात सोसायटीचा बोजा. हॉलिवूडमधल्या सुपरहिरोंचा कारभार गेली चाळीस वर्षे जवळपास याच पद्धतीने चालला आहे. कुठला नायक कुठल्या चित्रपटात दिसतो, कुणाचे नाव घ्यायचे टाळले जाते, एखादा चित्रपट घाईघाईने का निघतो, याची उत्तरे पटकथेत कमी आणि या उताऱ्यात जास्त सापडतात.

मालक एक, कसणारे अनेक

स्पायडरमॅन ऑगस्ट १९६२च्या तारखेच्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात पहिल्यांदा आला. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. दोघेही कंपनीसाठी काम करत होते, त्यामुळे पात्र कंपनीचे झाले. कथा आणि चित्रांवर कॉपीराइट, नाव आणि चिन्हावर ट्रेडमार्क, अशी ही मालकी दुहेरी आहे. तीतला कुठलाच भाग स्टुडिओ सहसा विकत घेत नाही. स्टुडिओ घेतो तो परवाना: अमुक माध्यम, अमुक अटी, अमुक पात्रे.

पात्र एकटे येत नाही. स्पायडरमॅनबरोबर, म्हणजे पीटर पार्करबरोबर, मे काकू, मेरी जेन, ग्रीन गॉब्लिन, डॉक्टर ऑक्टोपस, ‘डेली ब्युगल’ हे वर्तमानपत्र आणि त्याचा तापट संपादक असा सारा गोतावळा करारात येतो. सोनीच्या ताब्यातल्या अशा पात्रांची संख्या ९००च्या घरात सांगितली जाते. पण त्या गोतावळ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. कॉमिकमध्ये स्पायडरमॅन न्यूयॉर्कच्या एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाताना वाटेत डेअरडेव्हिल या दुसऱ्या नायकाला सहज भेटतो, कारण कॉमिकचे सगळे न्यूयॉर्क एकाच मालकाचे आहे. पडद्यावर दोन गच्च्या दोन स्टुडिओंच्या असतात.

डीसीच्या घरी ही कटकट कमी. सुपरमॅन आणि बॅटमॅन ज्यांचे, ती डीसी कॉमिक्स वॉर्नरच्याच कुटुंबातली. तरी तिथेही एक जुनी गाठ होती. १९६६ची बॅटमॅनची टीव्ही मालिका फॉक्सने बनवलेली, पात्रे डीसीची. घरी बघण्यासाठी तिचा अधिकृत संच बाजारात यायला २०१४ उजाडले. तोवर डीव्हीडीचे युगच उतरणीला लागले होते.

मार्व्हलकडे स्वतःचा स्टुडिओ नव्हता आणि बहुतेक काळ पैसाही नव्हता. त्यामुळे दारी येईल त्याला ती पात्रे देत गेली. हल्क युनिव्हर्सलकडे, एक्स-मेन फॉक्सकडे, ब्लेड न्यू लाइनकडे, पनिशर आधी एकाकडे मग दुसऱ्याकडे. त्या वेळी कॉमिकवरचे चित्रपट म्हणजे पोरखेळ समजला जात असे आणि किमतीही तशाच होत्या.

सव्वादोन लाखांचा कोळी

१९८५मध्ये कॅनन फिल्म्स या कंपनीने स्पायडरमॅनच्या चित्रपटाचे हक्क सुमारे २ लाख २५ हजार डॉलर आणि पुढच्या कमाईत वाटा एवढ्यावर घेतले. कॅनन चालवणारे मेनाहेम गोलान आणि योरम ग्लोबस हे इस्रायलहून आलेले चुलतभाऊ मारधाडीचे स्वस्त चित्रपट धडाधड काढण्यासाठी प्रसिद्ध होते. स्पायडरमॅन म्हणजे नेमके काय हे त्यांना उमगले नसावे. पहिल्या पटकथेत तो पोशाख घातलेला तरुण नव्हता, आठ हातांचा केसाळ राक्षस होता. स्टॅन ली यांना ती पसंत पडली नाही आणि पटकथा बदलली. मग बजेट कापले गेले, मग कंपनीच डबघाईला आली.

पुढचा प्रवास तलाठ्यालाही घाम फोडील असा आहे. कॅनन सोडताना गोलान यांनी हिशेबापोटी स्पायडरमॅनचे हक्क आपल्या नव्या कंपनीत नेले. पैसे उभे करायला त्यांनी त्या हक्कांचे तुकडे पाडले: टीव्हीचे हक्क व्हायकॉमला, व्हिडिओ कॅसेटचे कोलंबियाला, चित्रपटगृहाचे कॅरोल्कोला. कॅरोल्कोने १९९०मध्ये त्यासाठी ५० लाख डॉलर मोजले आणि ‘टर्मिनेटर’वाल्या जेम्स कॅमेरॉन यांना काम दिले. कॅमेरॉन यांनी पटकथेचा विस्तृत आराखडा लिहिला. पण कॅमेरॉन यांच्या करारात गोलान यांच्या नावाला जागा नव्हती. निर्माता म्हणून नाव येणार नाही हे कळल्यावर गोलान कोर्टात गेले. तुकडे घेतलेल्या बाकीच्या कंपन्याही गेल्या. हे चालू असताना कॅरोल्कोचे दिवाळे निघाले, गोलान यांच्या कंपनीचे निघाले आणि डिसेंबर १९९६मध्ये खुद्द मार्व्हलनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे मालक, कूळ आणि पोटकूळ असे तिघेही एकाच वेळी बुडालेले, आणि बांधावर वकील उभे.

गुंता सुटला तो एका वेगळ्याच वाटेने. गोलान यांच्या कंपनीचे उरलेसुरले दावे एमजीएमकडे आले होते. त्याच वेळी सोनी जेम्स बाँडचा स्वतंत्र चित्रपट काढण्याच्या खटपटीत होती आणि बाँड ही तर एमजीएमची दुभती गाय. मार्च १९९९मध्ये तडजोड झाली. सोनीने बाँडवरचा हक्क सोडला, त्यात ‘कसिनो रोयाल’ या कादंबरीचा हक्कही आला, एमजीएमने कोळ्यावरचा. पुढे सोनीच्याच पुढाकाराने काही गुंतवणूकदारांनी एमजीएम विकत घेतली आणि २००६चा ‘कसिनो रोयाल’ सोनीनेच वितरित केला. सोडलेली गायही मागच्या दाराने गोठ्यात आली.

या सौद्याच्या आधीची एक गोष्ट हॉलिवूडमध्ये अजून सांगितली जाते. पत्रकार बेन फ्रिट्झ यांनी लिहिल्याप्रमाणे, १९९८च्या सुमारास मार्व्हलने हातातली जवळपास सगळी पात्रे अडीच कोटी डॉलरना सोनीपुढे ठेवली होती. त्यांत आयर्न मॅन होता, थॉर होता, ब्लॅक पँथर होता. सोनीच्या वरिष्ठांचे म्हणणे पडले की बाकीच्यांना कुत्रे विचारत नाही, कोळी तेवढा घ्या. कोळी एक कोटी आणि वर गल्ल्यात वाटा या दराने आला. त्या वेळचे मार्व्हलचे ताळेबंद पाहता हा निर्णय मूर्खपणाचा म्हणता येत नाही. २००२च्या मे महिन्यात सॅम रेमी यांचा ‘स्पायडरमॅन’ लागला आणि पहिल्या तीन दिवसांत दहा कोटी डॉलरचा गल्ला ओलांडणारा तो पहिला चित्रपट ठरला.

पडीक ठेवाल तर परत

परवान्याच्या करारात सर्वांत महत्त्वाचे कलम असते ते परतीचे. ठरलेल्या मुदतीत चित्रपट सुरू केला नाही तर हक्क मूळ मालकाकडे जातात. जमीन कसली पाहिजे, पडीक ठेवता येत नाही. सोनीच्या २०११च्या करारातली मुदत २०१४मधल्या सायबर हल्ल्यानंतर फुटलेल्या कागदांतून जगजाहीर झाली: आधीचा चित्रपट लागल्यापासून ३ वर्षे ९ महिन्यांत पुढच्याचे काम सुरू आणि ५ वर्षे ९ महिन्यांत प्रदर्शन.

हीच मोजपट्टी थोडी मागे नेऊन लावली तर बरेच काही दिसते. ‘स्पायडरमॅन ३’ मे २००७मध्ये लागला. चौथ्या भागाची जुळवाजुळव जानेवारी २०१०मध्ये फिसकटली. सोनीने श्वास घ्यायलाही न थांबता नवा नट, नवा दिग्दर्शक आणि पुन्हा पहिल्यापासून गोष्ट असे जाहीर केले. चित्रीकरण डिसेंबर २०१०मध्ये सुरू झाले, म्हणजे साडेतीन वर्षे उलटल्यावर. प्रेक्षक विचारत होते की दहा वर्षांत तीच कोळी चावल्याची गोष्ट पुन्हा कशाला. हक्क राखायचे तर नांगर घालावाच लागतो, हे त्याचे निम्मे उत्तर.

या कलमाचा सर्वांत विलक्षण नमुना मात्र ‘फँटास्टिक फोर’चा. जर्मनीतल्या कॉन्स्टँटिन फिल्मचे बर्न्ड आइखिंगर यांनी १९८६मध्ये हक्क घेतले होते. ३१ डिसेंबर १९९२च्या आत काम सुरू झाले नाही तर ते जाणार होते. मोठ्या चित्रपटाला पैसे नव्हते. तेव्हा ते स्वस्त चित्रपटांचे बादशहा रॉजर कोरमन यांच्याकडे गेले आणि सुमारे दहा लाख डॉलरमध्ये चित्रीकरण सुरू झाले, मुदतीला तीन-चार दिवस उरले असताना. रबर ताणल्यासारखा लांबणारा हात, दगडी अंगाचा माणूस, पेट घेणारा मुलगा, सगळे त्या पैशांत बसवायचे होते. नटांनी आणि दिग्दर्शक ओली सॅसोन यांनी जीव ओतून काम केले, स्वतःच्या खर्चाने प्रसिद्धीलाही फिरले. जानेवारी १९९४मध्ये मिनेसोटातल्या ‘मॉल ऑफ अमेरिका’त पहिला खेळ ठरला होता. तो झाला नाही. मार्व्हलचे अॅव्ही अराद यांनी चित्रपट विकत घेऊन दाबून टाकला. असल्या स्वस्त मालाने पात्राची किंमत उतरेल ही त्यांची भीती. प्रती जाळल्या असे त्यांनीच सांगितले आहे. तरी चोरट्या कॅसेटवरून तो आजही लोक पाहतात. आइखिंगर यांचे हक्क मात्र टिकले आणि २००५मध्ये फॉक्सबरोबर त्यांनी खरा, खर्चिक चित्रपट काढलाच.

काहींच्या हातून मुदत निसटली. फॉक्सकडे असलेला डेअरडेव्हिल २०१२मध्ये मार्व्हलकडे परतला, पाठोपाठ सोनीकडचा घोस्ट रायडर. फॉक्सचा २०१५चा ‘फँटास्टिक फोर’ वेळेत लागला, पण इतका पडला की पीक न आलेले शेत केवळ ताब्यासाठी नांगरल्यासारखे झाले.

तारण ठेवलेले नायक

पात्रे परक्या हातांत यशस्वी होत होती आणि मार्व्हलच्या वाट्याला खंडापुरते पैसे येत होते. २००५मध्ये कंपनीने मेरिल लिंचमार्फत साडेबावन्न कोटी डॉलरचे कर्ज उभे केले आणि स्वतःच चित्रपट काढायचे ठरवले. तारण म्हणून कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज अशा दहा नावांचे चित्रपट-हक्क गहाण पडले. चित्रपट बुडाले असते तर ही पात्रे सावकाराकडे गेली असती. युनिव्हर्सल, फॉक्स आणि न्यू लाइन अशी तीन दारे फिरून चित्रपट न होताच परत आलेला आयर्न मॅन पहिल्या बाजीला लागला. मे २००८मध्ये तो चालला आणि गहाणवट सुटली.

पुढच्याच वर्षी डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलरना मार्व्हल घेतली. जुने करार मात्र नव्या मालकालाही पाळावे लागले. ‘द अॅव्हेंजर्स’ आणि ‘आयर्न मॅन ३’ या दोन चित्रपटांचे वितरण पॅरामाउंटकडे होते; ते सोडवायला डिस्नेला साडेअकरा कोटी डॉलर द्यावे लागले.

एक पात्र, दोन घरे

काही पात्रे अशी की दोन्ही बाजू म्हणतात, आमचीच. क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच हे भाऊबहीण १९६४मध्ये एक्स-मेनच्या कॉमिकमध्ये आले, पुढच्याच वर्षी अॅव्हेंजर्समध्ये सामील झाले आणि तिथेच रुळले. म्हणून फॉक्सचाही हक्क, मार्व्हलचाही. २०१४मध्ये फॉक्सच्या चित्रपटात इव्हान पीटर्स क्विकसिल्व्हर झाला, २०१५मध्ये मार्व्हलच्या चित्रपटात अॅरन टेलर-जॉन्सन. फॉक्सने अॅव्हेंजर्सचे नाव काढायचे नाही, मार्व्हलने ‘म्युटंट’ हा शब्द उच्चारायचा नाही. जन्मजात शक्ती असलेली ही मुले मग मार्व्हलच्या पडद्यावर प्रयोगशाळेत घडलेली दाखवावी लागली. किंगपिन हा टकला, अवाढव्य गुंडही असाच. स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये जन्मला, डेअरडेव्हिलचा हाडवैरी झाला, त्यामुळे सोनीच्या कार्टूनपटातही दिसतो आणि मार्व्हलच्या मालिकेतही.

नेहमीच भांडण होते असे नाही. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या दुसऱ्या भागासाठी दिग्दर्शक जेम्स गन यांना ‘ईगो’ हा जिवंत ग्रह हवा होता. गोष्ट रचून झाल्यावर कळले की तो फॉक्सकडे आहे. फॉक्सच्या ‘डेडपूल’वाल्यांना एका दुय्यम पात्राच्या शक्ती कॉमिकहून वेगळ्या दाखवायच्या होत्या आणि त्याला मार्व्हलची परवानगी लागत होती. एका ग्रहाच्या बदल्यात एका मुलीच्या शक्ती, असा व्यवहार झाला. वाटीभर साखर देऊन पसाभर डाळ आणावी तसा.

म्युटंट म्हणजे माणूस की नाही, हा प्रश्न याच्या कितीतरी आधी अमेरिकी जकात खात्यातही लढला गेला होता. माणसाची प्रतिकृती असेल तर ती ‘बाहुली’, कर १२ टक्के. नसेल तर ‘खेळणे’, कर ६.८ टक्के. मार्व्हलच्या घरच्याच टॉय बिझ कंपनीने कोर्टात सांगितले की एक्स-मेन माणसे नव्हेत. २००३मध्ये कोर्टाने ते मान्य केले. आम्हीही माणसेच आहोत म्हणून चाळीस वर्षे कॉमिकमध्ये झगडणाऱ्या पात्रांना त्यांच्या मालकानेच कर वाचवायला अमानुष ठरवले.

एक्स-मेनचा वाद शेवटी करार करून मिटला नाही, खरेदी करून मिटला. मार्च २०१९मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा भाग ७१ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतला आणि वुल्व्हरिन, डेडपूल, फँटास्टिक फोर एकदम घरी आले.

सँडविच आणि चतकोर

सोनी विकाऊ नव्हती. तिथे वाटाघाटच करावी लागली.

तिचे मूळ २०११च्या एका अदलाबदलीत आहे. त्या वर्षी सोनीने स्पायडरमॅनच्या वस्तूंच्या विक्रीतला आपला वाटा मार्व्हलला देऊन टाकला. बदल्यात १७.५ कोटी डॉलर, पुढच्या प्रत्येक चित्रपटामागे साडेतीन कोटींपर्यंत रक्कम, आणि चित्रपटाच्या कमाईतला मार्व्हलचा वाटा बंद. कागदावर व्यवस्थित वाटणी दिसते: पडदा तुमचा, दुकान आमचे. पण चित्रपट पडला तरी दप्तरे खपत राहतात, आणि चित्रपट चालला तर दुकानाची फुकट जाहिरात होते. तेव्हापासून स्पायडरमॅनचा प्रत्येक चित्रपट चांगला निघावा ही डिस्नेची गरज झाली, त्यावर सोनीचे नाव असले तरी.

२०१४चा ‘अमेझिंग स्पायडरमॅन २’ सोनीच्या अपेक्षेला उतरला नाही. त्यानंतर मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केव्हिन फायगी सोनीच्या प्रमुख एमी पास्कल यांच्याकडे जेवायला आले आणि त्यांनी सुचवले, हा चित्रपट आम्हालाच करू द्या. पास्कल यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे की आपल्याला अतिशय लागले. रडू आले, आणि हातातले सँडविच फायगींवर फेकले की त्यांना खोलीबाहेर काढले, हे नीट आठवत नाही. आठवण कशीही असो, प्रस्ताव मनात राहिला. नोव्हेंबरमध्ये सोनीवर सायबर हल्ला झाला, खासगी ईमेल चव्हाट्यावर आले, त्यांत या बोलण्यांचेही धागे होते. फेब्रुवारी २०१५च्या सुरुवातीला पास्कल पायउतार होणार हे जाहीर झाले आणि ९ फेब्रुवारीला करार. पास्कल याच चित्रपटांच्या निर्मात्या म्हणून राहिल्या.

कराराचा साचा असा: पैसा सोनी घालणार, वितरण सोनीचे, अंतिम शब्द सोनीचा, चित्रपट रचणार आणि घडवणार मार्व्हल. स्पायडरमॅन ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मध्ये पाहुणा जाईल, आयर्न मॅन स्पायडरमॅनच्या ‘होमकमिंग’मध्ये पाहुणा येईल. वृत्तांनुसार डिस्नेला गल्ल्याच्या सुमारे ५ टक्के मिळत होते. खरी कमाई दुकानात होती. आपल्याकडे अर्धेलीने शेत करताना बियाणे कुणाचे, बैल कुणाचे हे आधी ठरते, इथेही तेच झाले.

‘स्पायडरमॅन: फार फ्रॉम होम’ने २०१९मध्ये एक अब्ज डॉलर ओलांडले आणि मग कुरबुर सुरू झाली. डिस्नेला खर्चात आणि नफ्यात निम्मा वाटा हवा होता. सोनीला तो मान्य नव्हता. २० ऑगस्टला बोलणी फिसकटल्याची बातमी फुटली आणि चाहते हवालदिल झाले. नायक टॉम हॉलंड याने डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांना फोन केला, पबमध्ये बसून, डोळ्यांत पाणी आणून, असे त्याने नंतर टीव्हीवर हसत सांगितले. महिनाभराने, २७ सप्टेंबरला, नवा करार जाहीर झाला. निम्मा नाही, ५ टक्केही नाही: चतकोर खर्च, चतकोर नफा. दोन वर्षांनी ‘नो वे होम’ने जवळपास १ अब्ज ९० कोटी डॉलर मिळवले. त्यात सोनीच्या तिन्ही काळांतले तीन स्पायडरमॅन एका चौकटीत उभे राहिले, मार्व्हलने घडवलेल्या कथेत.

उरलेल्या ९०० पात्रांचे सोनीने काय केले? ‘व्हेनम’ चालला. ‘मॉर्बियस’, ‘मॅडम वेब’ आणि ‘क्रेव्हन’ पडले. स्पायडरमॅनचे शत्रू आहेत, पण स्पायडरमॅन येत नाही, अशी ती गावजत्रा होती.

मिसिसिपीच्या पूर्वेला

१९९४मध्ये मार्व्हलने थीम पार्कचे हक्क युनिव्हर्सलच्या तेव्हाच्या मालक कंपनीला दिले. त्या करारात सीमा म्हणून एक नदी आहे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, युनिव्हर्सल जी पात्रे वापरते ती आणि त्यांच्या गोतावळ्यातली कुणीही दुसऱ्या पार्कात वापरायची नाहीत. १९९९पासून ऑर्लँडोत युनिव्हर्सलच्या ‘आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर’ पार्कात मार्व्हलचे एक बेटच उभे आहे. हल्कचा हिरवा रोलर कोस्टर, स्पायडरमॅनची राइड, कॉमिकच्या रंगांत रंगवलेल्या भिंती.

डिस्नेचे सर्वांत मोठे पार्क त्याच शहराजवळ आहे. मार्व्हल विकत घेऊनही डिस्नेला तिथे स्पायडरमॅन उभा करता येत नाही; उलट युनिव्हर्सल त्या बेटाचे परवाना शुल्क आता डिस्नेला भरते. वाट काढली ती गोतावळ्याच्या व्याख्येतून. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ ही मंडळी युनिव्हर्सलने कधी वापरली नव्हती, म्हणून २०२२मध्ये डिस्नेच्या एप्कॉट पार्कात त्यांचा कोस्टर सुरू झाला. तो चालतो उत्तम, पण त्याच्या नावात ‘मार्व्हल’ हा शब्द नाही. नदीच्या पश्चिमेला, कॅलिफोर्नियात, डिस्नेच्याच पार्कात स्पायडरमॅन छतावरून उड्या मारतो.

पवित्र प्रभाकर आणि हिरवा पाहुणा

या उताऱ्यात एक नोंद मुंबईची आहे. २००४मध्ये मार्व्हलच्या परवान्यावर गॉथम एंटरटेनमेंट ग्रुपने ‘स्पायडरमॅन: इंडिया’ हे चार अंकांचे कॉमिक काढले. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर केला, खेड्यातून मुंबईला आलेला, धोतर नेसून इमारतींवरून झेपावणारा. मे काकूंची माया काकू झाली, बेन काकांचे भीम काका, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. अक्षरे जुळवण्याची ही गंमत कुणाही मराठी वाचकाला शाळेच्या वहीची आठवण करून देईल.

कुळाने लावलेले झाड इथे मालकाचे होते. पवित्र भारतीय हातांनी घडला, पण झाला मार्व्हलचा. आणि स्पायडरमॅनच्या गोतावळ्यातला, म्हणून पडद्यावर सोनीचा. २०२३च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या कार्टूनपटात तो ‘मुंबॅटन’ नावाच्या मुंबई-मॅनहॅटनच्या मिश्र शहरात अवतरला. सोनीने तो चित्रपट भारतात दहा भाषांत लावला, त्यांत मराठीही होती. हिंदी आणि पंजाबीत पवित्रला आवाज दिला क्रिकेटपटू शुभमन गिलने.

आणि हल्क? त्याच्या एकट्याच्या चित्रपटाच्या वितरणावर वर्षानुवर्षे युनिव्हर्सलचा जुना हक्क होता. म्हणून २००८च्या ‘द इनक्रेडिबल हल्क’नंतर त्याच्या नावाचा चित्रपट निघालाच नाही. दुसऱ्याच्या चित्रपटात पाहुणा म्हणून जायला हरकत नाही, तेव्हा तो थॉरच्या घरी राहिला, अॅव्हेंजर्सच्या पंगतीला बसला. सोनीने ‘स्पायडरमॅन: ब्रँड न्यू डे’ची तारीख ३१ जुलै २०२६ जाहीर केली आणि पात्रयोजनेत हल्क साकारणाऱ्या मार्क रफलो याचेही नाव आले. युनिव्हर्सलच्या वितरणहक्कात वर्षानुवर्षे अडकलेला नायक, डिस्नेच्या मालकीचा, सोनीच्या चित्रपटात.